सोडण्याची तालीम

घरं हलवणाऱ्या टोळ्या मी खूप पाहिल्या. काही आरोळ्या ठोकत काम करतात, काही एकमेकांना शिव्या देत, काही अगदी मुकाट्याने. पण कामावर निघायच्या आधी रोज सकाळी वस्तू खाली पाडायचा सराव करणारी टोळी मी एकच पाहिली, आणि त्या टोळीत मी आठ वर्षं होतो.

आमच्या गोदामाच्या मागच्या दाराशी सिमेंटच्या सात पायऱ्या होत्या. तिथे एक लाकडी पेटी पडलेली असायची. कपाटाएवढी लांब, आत वाळू भरलेली, चारही कोपरे ठेचलेले. सकाळी आम्ही चौघं ती उचलायचो. वरच्या बाजूला मी आणि ड्रायव्हर, खालच्या बाजूला सुतार आणि पैलवान. सावकाश पायऱ्या उतरू लागायचं. मुकादम बाजूला उभे असायचे, चहाचा कप हातात, नजर भलतीकडेच. आणि कधी दुसऱ्या पायरीवर, कधी पाचव्या, कधी सगळं संपलं असं वाटत असताना शेवटच्या पायरीवर ते साध्या आवाजात म्हणायचे, "सोड."

ते कानावर आलं की खालच्या दोघांनी आधी ठरवलेल्या जागी, आपापल्या बाजूला निसटायचं आणि म्हणायचं, "मोकळा." दोघांचं "मोकळा" ऐकू आल्याशिवाय वरच्यांनी बोटही हलवायचं नाही. ऐकू आलं की मात्र हात काढायचे. मग पेटी धडाधड पायऱ्या उतरायची, तळाशी आपटायची, वाळूचा धुरळा उडायचा आणि मुकादम चहाचा घोट घ्यायचे. "चला, पुन्हा." रोज तीनदा.

शेजारी टायरचं दुकान होतं. दुकानदार दात कोरत कुंपणापाशी येऊन उभा राहायचा.

"काय मुकादम, आज किती फोडलं?"

"आणा की तुमच्या घरचं कपाट. वाळूपेक्षा बरं आपटेल."

आमच्या मालकांना हे सगळं बिलकूल पटत नसे. "अहो मुकादम, आपण सामान सुखरूप पोचवणारे लोक. एखाद्या गिऱ्हाइकाने हे पाहिलं तर तो उशीसुद्धा आपल्या हातात देणार नाही."

"म्हणून तर मागच्या दाराशी करतो."

मालकांनी ट्रकच्या अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं: तीस वर्षं, एकही वस्तू फुटली नाही. आणि ते खरं होतं. मुकादमांच्या हाताखालून गेलेल्या सामानातली कपाची बशीसुद्धा कधी तडकली नव्हती. या ओळीचा त्यांना अभिमान नव्हता असं मी म्हणणार नाही. सकाळी ते ट्रकभोवती फेरी मारायचे, चाकं बघायचे, दोर बघायचे, तेव्हा त्या अक्षरांपाशी त्यांचं पाऊल जरा रेंगाळायचं. पण एकदा ते मालकांना म्हणाले, "माणसांचं पण लिहा की एका ओळीत."

मालक म्हणाले, "माणसांचं कोण वाचतं?"

दिसायला मुकादम काही विशेष नव्हते. बुटके, सडसडीत, साठीला टेकलेले, एका कानावर पेन्सिल आणि दुसऱ्या कानाला थोडं कमी ऐकू येणारे. नवं गिऱ्हाईक त्यांना बघून पैलवानाशीच बोलायला लागायचं. पण ते एखाद्या वजनदार वस्तूपाशी गेले की बघत राहावं. आधी तिच्याभोवती फिरायचे. मग बोटांच्या पेरांनी ती ठोकायचे, वर, मधे, बुडाशी, आणि बरा कान लावून ऐकायचे. आवाजावरून त्यांना कळायचं की फळी कुठे भरीव आहे, कुठे पोकळ, जोड कुठे ढिला झालाय. मग गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, ते वस्तूला छातीशी घ्यायचे, आणि तिचं वजन जणू तिलाच विसरायला लावायचे. जनावरं ओळखणारा माणूस नुसता मानेवर हात ठेवतो आणि बुजलेलं वासरू उभं राहतं, तसं काहीतरी मला त्यांच्या हातांत दिसायचं.

हे कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. काम संपवून रिकाम्या ट्रकच्या मागच्या भागात बसून आम्ही परतत होतो.

उमेदीच्या काळात ते आणि त्यांचे थोरले भाऊ एकाच टोळीत होते. एका दुकानातून लोखंडी तिजोरी उतरवताना दोर सुटला. भाऊ खाली होते. बाजूला व्हायला जागा होती, वेळही होता. "पण आपल्या धंद्यातल्या माणसाच्या हाताला एक खोड असते," मुकादम म्हणाले. "पडती वस्तू दिसली की हात पुढे जातो. डोक्याला विचारत नाही." भावाने तिजोरीला छाती लावली आणि ती धरली. तिजोरीला ओरखडाही आला नाही. दुकानदार येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता, बघा, खरचटूसुद्धा दिलं नाही पठ्ठ्याने. आणि भावाला आमच्यासारख्याच एका ट्रकमधून दवाखान्यात नेलं. मान मोडली होती. पुढे नऊ वर्षं ते खाटेवर होते.

त्या नऊ वर्षांत मुकादम दिवसा ओझी उचलायचे आणि घरी आले की भावाला. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. उठवून बसवायचं, आंघोळ घालायची, पुन्हा निजवायचं. सुरुवातीला भाऊ कळवळायचे. मग मुकादमांना उमगत गेलं, हात कुठे घालायचा, गुडघे किती वाकवायचे, उचलण्याआधी काय बोलायचं, कुठे थांबायचं. "माणूस न दुखवता उचलायला शिकलो. त्यापुढे कपाट म्हणजे काय हो?"

भावाच्या मुठी वळून घट्ट होऊन बसायच्या. रोज सकाळी त्या उघडून तळवे पुसावे लागत. मधलं बोट ओढलं तर मूठ आणखी आवळायची. "करंगळीपासून सुरुवात करायची," मुकादम म्हणाले. "एकेक बोट. घाई नाही. घाई केली की हात घाबरतो."

ट्रक खड्ड्यातून गेला, आम्ही सगळे एकदम हललो, आणि मुकादम सुटलेला दोर गुंडाळायला लागले.

आता पैलवानाचं सांगतो. तो मुकादमांच्या बायकोचा पाठचा भाऊ, म्हणजे त्यांचा मेहुणा. वहिनींनीच त्याला टोळीत घालायला लावलं होतं. "एकच भाऊ आहे मला. तुमच्या डोळ्यांसमोर राहील." मुकादमांनी त्याला घेतलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. कारण पैलवान सगळं शिकला, एक गोष्ट सोडून. त्याला सोडता येत नव्हतं.

सकाळच्या तालमीत "सोड" म्हटलं की सुतार टुणकन बाजूला व्हायचा. पैलवान मात्र पेटीला कवटाळून उभा.

"मोकळा म्हण, मोकळा!" ड्रायव्हर वरून ओरडायचा. "माझा खांदा उतरायला आलाय."

"मी धरलंय ना! कशाला सोडू उगाच?"

"अरे, लग्नात बायकोचा हात पण इतका घट्ट धरला नसशील," सुतार म्हणायचा.

"तिने सोडायला सांगितलं नव्हतं!"

सगळे हसायचे. मुकादम हसायचे नाहीत. एकदा एका गल्लीत ट्रकच्या फळीवरून कपडे धुण्याचं यंत्र घसरलं आणि पैलवानाने ते एकट्याने मांडीवर झेललं. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरमालकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवसापासून मुकादमांनी त्याला आठवडाभर काचेचे ग्लास कागदात गुंडाळायला बसवलं.

"दाजी, मी यंत्र वाचवलं आणि शिक्षा मलाच?"

"यंत्र पुन्हा मिळतं. तू गेलास तर तुझ्या बहिणीला दुसरा भाऊ कुठल्या दुकानातून आणून देऊ?"

पैलवान ग्लास गुंडाळत राहिला. पण पुढच्या तालमीतही त्याचे हात सुटले नाहीत. तो म्हणायचा, "वेळ आली की सोडेन." मुकादम म्हणायचे, "वेळ आल्यावर तू नसतोस तिथे. फक्त तुझे हात असतात."

आणि ती वेळ आली.

निवृत्त शिक्षिकाबाईंचं घर होतं, चौथ्या मजल्यावर. बाई मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. बाकी सामान दुपारपर्यंत उतरलं. उरलं त्यांच्या आईचं कपाट. पुरुषभर उंचीच्याही वर दोन हात, जाड लाकडाचं, जोड इतके पक्के की सुटे करायला गेलं तर फुटावं. लिफ्टमध्ये त्याचा निम्मा भागही मावला नसता. सुताराने आरशाचं दार आणि दुसरं दार काढून आधीच खाली नेलं. राहिला नुसता सांगाडा, पण तो सांगाडा म्हणजे एखाद्या खोलीला पाय फुटावेत तसा.

मुकादमांनी नेहमीसारखी सगळी तयारी केली. चौथ्यापासून तळापर्यंत जिना उतरून, प्रत्येक पायरीवर टाच आपटून पाहिली. प्रत्येक मजल्यावर दार वाजवून सांगितलं, "अर्धा तास बाहेर येऊ नका, ओझं उतरतंय." प्रत्येक वळणावर लाल फडकं बांधलेली दोरी लावली. सुताराला आणि पैलवानाला प्रत्येक वळणावर नेऊन विचारलं, "इथे सुटायचं झालं तर कुठे जाल?" सुताराने डावीकडची दाराची खोबण दाखवली, पैलवानाने उजवीकडची. मग त्यांनी कपाट ठोकून पाहिलं. वर भरीव. मधे भरीव. बुडाची पट्टी भरीव. नुकताच रंग दिलेला होता, चकचकीत.

कपाट पाठीवर तिरकं झोपवलं, बूड खालच्या दिशेला. बुडाच्या पट्टीखालून रुंद पट्टा घेतला आणि त्याची टोकं माझ्या आणि ड्रायव्हरच्या खांद्यांवर आली. शिवाय मुकादमांचा एक दोर असायचाच. कपाटाच्या वरच्या अंगाला बांधलेला, मग जिन्याच्या कठड्याच्या लोखंडी खांबाला एक वेढा, आणि मोकळं टोक मुकादमांच्या हातात. कपाट उतरेल तसा ते दोर थोडा थोडा सैल सोडत. इतक्या वर्षांत त्या दोराचं काम कधी पडलं नव्हतं. आम्ही त्याला मुकादमांचं शेपूट म्हणायचो.

"खालचा बोलेल, वरचा ऐकेल," मुकादम म्हणाले. "चला."

पहिला मजला उतरलो. दुसरा उतरलो. सुताराचा आवाज खालून येत होता, "एक पायरी... टेकलं... दुसरी..." कपाटाच्या आतून जुन्या कपड्यांचा आणि कापराचा वास येत होता. वर चौथ्या मजल्यावरून बाई कठड्याला धरून वाकून बघत होत्या. वळणाच्या सपाट जागेला दोन पायऱ्या उरल्या होत्या, आणि तेवढ्यात बिस्किट मोडावं तसा एक आवाज आला. मोठा नाही. कोरडा.

बुडाची पट्टी तुटली होती. नंतर आम्ही पाहिलं, आतून ती सगळी वाळवीने खाल्लेली होती, आणि कुणीतरी पोकळीत लांबी, म्हणजे रंगारी भेगा बुजवायला वापरतात तो लगदा, ठासून भरून वर रंग मारला होता. म्हणून ती भरीव वाजली. तीस वर्षं ज्या कानाने लाकूड ओळखलं, त्याला त्या दिवशी लांबीने फसवलं.

पट्टा सटकला. माझ्या खांद्यावरचं वजन एकाएकी नाहीसं झालं, आणि ते वजन कुठे गेलं हे मला ठाऊक होतं. कपाट हातभर खाली घसरलं आणि थांबलं. दोर ताणून तारेसारखा झाला. आम्ही दोघांनी वरची कड धरली होती, पण ते धरणं म्हणजे उधळलेल्या बैलाची वेसण दोन बोटांत धरण्यासारखं होतं.

"सोड," मुकादम म्हणाले. सकाळी म्हणायचे त्याच आवाजात.

"मोकळा!" सुतार डावीकडच्या खोबणीत होता.

दुसरा "मोकळा" आला नाही.

मी कपाटाच्या कडेवरून खाली वाकून पाहिलं. पैलवान दोन्ही हातांनी बुडाची कड धरून, छाती लावून उभा होता. मानेच्या शिरा दोरांसारख्या तटतटल्या होत्या. कठड्याचा खांब थरथरत होता. त्याच्या बुडाशी सिमेंटचा एक तुकडा सुटला आणि टणटण उड्या मारत पायऱ्यांवरून खाली गेला. वर ओढणं शक्य नव्हतं. खांब किती वेळ टिकेल, सांगता येत नव्हतं.

"सोड, पैलवान."

"दाजी, नाही सोडत! तुमच्या हाताकडे बघा!"

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. दोर मुकादमांच्या मनगटाला गुंडाळलेला होता.

दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही, हा आमच्या टोळीचा पहिला धडा. मुकादमांनीच शिकवलेला. कपाट घसरलं त्या क्षणी त्यांच्या हाताने डोक्याला न विचारता एक वेढा घेतला होता. तीस वर्षं जी खोड ते आमच्या हातांतून काढत होते, ती त्यांच्या स्वतःच्या हातात तशीच जिवंत होती. आता पैलवानाने सोडलं असतं तर कपाट दोर घेऊन गेलं असतं, आणि दोर मुकादमांना. खाली मेहुणा दाजींसाठी धरून होता, वर दाजी मेहुण्यासाठी.

मुकादमांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते भय नव्हतं. ओळख होती. वर्षांनी कुणी दारात उभं राहावं आणि आपण म्हणावं, अच्छा, तू होय, तशी.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "मी चुकलोय. थांब, आधी माझं काढतो. तू बघ."

त्यांनी दुसऱ्या हाताने दोर खांबाशी दाबून धरला, आणि गुंडाळलेल्या मनगटाचा वेढा सोडवायला लागले. मनगटावरची कातडी दोराबरोबर निघत होती. त्यांनी घाई केली नाही. मी तेवढी सावकाशी आयुष्यात कधी पाहिली नाही. वेढा निघाला. हात वर करून त्यांनी खाली दाखवला, लाल, सोललेला, मोकळा.

"दिसला?"

"दिसला."

"आता दोर फक्त खांबावर आहे. तू बाजूला झालास की मी सोडणार. आता तुझी पाळी. डावा हात राहू दे. उजव्या हाताची करंगळी उचल."

"काय?"

"करंगळी. बाकी काही नाही."

मी वरून बघत होतो. त्या लाकडाच्या कडेवर पैलवानाची बोटं खिळ्यांसारखी रुतली होती. त्यातली एक, सगळ्यात बारीक, हलली. उचलली गेली.

"आता तिच्या शेजारची."

"दाजी, पडेल हो."

"पडू दे. शेजारची."

दुसरं बोट. खांबातून आणखी एक तुकडा निसटला. ड्रायव्हर माझ्या बाजूला काहीतरी पुटपुटत होता, देवाचं नाव की शिवी, कळलं नाही. माझे पंजे बधिर झाले होते. आणि त्या सगळ्यात एक माणूस सोललेल्या हाताने दोर धरून, आजारी माणसाची मूठ उघडावी तसं, अठरा पायऱ्यांवरून दुसऱ्या माणसाचा हात उघडत होता. नुसत्या आवाजाने. बंद दारांमागे माणसं होती, पण कुणी खोकलंसुद्धा नाही.

"मधलं... आता अंगठा. हां. उजवा हात मोकळा झाला. तो पाठीमागे ने, भिंत लागेल. लागली?"

"लागली."

"आता डाव्या हाताचं काही सांगत नाही. तो उजव्याच्या मागे येईल. चल."

पैलवान पायरीवरून उतरला, अंग वळवलं आणि उजव्या खोबणीत शिरला. हात सुटला तेव्हा त्याच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज आला.

"मोकळा."

"सोडा," मुकादम म्हणाले, आणि आम्ही तिघांनी हात काढले.

मी डोंगरावरून दगड गडगडताना पाहिलेत. आमच्या गावाशेजारचा तलाव फुटला तेही पाहिलंय. पण ते कपाट गेलं तसं काही गेलेलं पाहिलं नाही. आधी एका पायरीवर वाकलं, अदबीने वाकावं तसं. मग सगळा जिना एकदम ओरडला. खांब उखडला, दोर हवेत चाबकासारखा फिरला आणि जिथे घटकाभरापूर्वी मुकादमांचं मनगट होतं तिथून सळकन निघून गेला. जिथे पैलवानाची छाती होती तिथल्या पायरीचा कोपरा भाकरीसारखा... नाही, त्याहून सोपा, ओल्या मातीसारखा निघाला. कपाट वळणाच्या भिंतीवर आदळलं, उघडलं, आणि फळ्या होऊन पसरलं. मग धूळ उठली. ती खाली बसायला लागली तशा मुकादमांनी हाका मारायला सुरुवात केली.

"सुतार?"

"आहे."

"ड्रायव्हर?"

"आहे."

माझं नाव आलं, मी म्हणालो, आहे. मग मुकादम थांबले. चौथं नाव घ्यायला त्यांना वेळ लागला.

"आहे, दाजी," खालून आवाज आला, न विचारताच.

मुकादम पायरीवर बसले. गुडघे वाकवून नाही, पाठ सरळ ठेवून नाही. कसेही बसले.

बाई खाली आल्या. फळ्यांचा ढीग पाहिला. "आईचं होतं ते," त्या म्हणाल्या. "तुमच्या ट्रकवरचं वाचून मी तुम्हाला बोलावलं होतं." त्यांचा राग खरा होता आणि मुकादमांनी तो उभं राहून ऐकून घेतला. म्हणाले, "बाई, चूक माझी. बूड मी तपासलं होतं. आणि सोडायलाही मीच सांगितलं." बाईंनी त्यांचं मनगट पाहिलं. मग त्या वर गेल्या, आणि पाणी आणि स्वच्छ फडकं घेऊन आल्या. राग गेला नव्हता. रागातच त्यांनी ते फडकं बांधलं, जरा जास्तच घट्ट.

मालक आले तेव्हा मुकादम नुकसानीचा कागद लिहून बसले होते. मालकांनी तो वाचला, उखडलेला खांब पाहिला, पायरीचा निघालेला कोपरा पाहिला, पैलवानाकडे पाहिलं. त्या कोपऱ्यावर त्यांनी स्वतःचा बूट ठेवून बघितला. मग कागद घडी करून खिशात घातला.

"आता मालकांना पेंटर बोलवावा लागणार," सुतार हळूच म्हणाला. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांना तो बोलल्याचं बरं वाटलं.

संध्याकाळी मी पैलवानाला घेऊन मुकादमांबरोबर त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात चपलांची फळी, भिंतीशी ती जुनी लोखंडी खाट, जिच्यावर आता शिवणयंत्र ठेवलेलं असतं. वहिनींनी नवऱ्याच्या मनगटावरचं फडकं पाहिलं.

"हे काय?"

"दोर घासला."

"दोर तुमच्या हाताला घासला?" त्या हसल्या. "तुमच्या?"

"कपाट पडलं आज."

वहिनींचं हसू तिथेच राहिलं. "पडलं? तुमच्या हातून?"

"पाडलं," मुकादम म्हणाले, आणि मोरीकडे पाय धुवायला गेले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग त्या भावापाशी गेल्या. तो भिंतीला टेकून बसला होता, पाण्याचा पेला समोर, न उचललेला. बोटं वळत नव्हती त्याची.

"काय रे, कसलं कपाट? केवढं होतं?"

पैलवानाने दोन्ही हात वर केले, डोक्याच्याही वर, जमेल तेवढे लांब पसरले, तळवे उघडे, आणि तसेच धरून ठेवले. एवढं.

वहिनी उभ्या राहिल्या. भावाच्या त्या दोन हातांच्या मधली रिकामी जागा त्या कितीतरी वेळ बघत होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग त्या जागेच्या अगदी खाली बसलेल्या त्याला.